‘फो पा’ चौदाव्या लुईच्या दरबारात जन्मला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चारचौघांत हातून घडलेल्या आगळिकीला फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही ‘फो पा’ म्हणतात. हा वाक्प्रचार सतराव्या शतकातला फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारी बॅलेतून आला, राजासमोर नाचताना पाऊल चुकलं की त्या माणसाची दरबारातून हकालपट्टी व्हायची, असं तुम्ही वाचलंत. नृत्याच्या इतिहासावरच्या निबंधात हे लिहिलं तर चालेल का?

असं लिहू नका. पण नृत्याचा संबंध पुसूनही टाकू नका. मी मुळात कथक शिकले आणि गेली बरीच वर्षं त्यासोबत सतराव्या-अठराव्या शतकातलं फ्रेंच दरबारी नृत्य करते, शिकवते. सुरुवातीला मीही ही हकालपट्टीची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायचे, कारण ती सांगायला सोपी आहे आणि ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात राहते. पुढे जुने ग्रंथ वाचायला आणि ती पावलं स्वतःच्या पायांनी टाकायला लागले, तेव्हा गोष्टीचे धागे सुटत गेले. त्यातून जे हाती उरलं ते मला मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडतं.

आधी शब्द पाहू. ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘फो’ म्हणजे खोटं, चुकीचं. दुकानात ‘फो लेदर’ची पर्स मिळते, त्यातला ‘फो’ हाच. लिहिताना दोन्ही शब्दांच्या शेवटी जी अक्षरं येतात ती उच्चारायची नसतात, म्हणून आपल्याकडे काही जण ‘फॉक्स पास’ म्हणतात. फ्रेंचमध्ये या जोडीचा पहिला अर्थ अगदी शारीरिक आहे. चालताना पाय मुरगळला, पायरीचा अंदाज चुकला, घोडा अडखळला, हे सगळं फो पाच. पायाच्या चुकीवरून वागण्यातल्या चुकीपर्यंत पोहोचायला राजवाडा लागत नाही. मराठीत पाय घसरतो, तोल जातो, पाऊल वाकडं पडतं, पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो. यातला एकही प्रयोग घडवायला कुणा राजाला नाचावं लागलं नाही. जो माणूस दोन पायांवर चालतो, त्याच्या भाषेत ही उपमा आपसूक येते.

मग नृत्याचं नाव यात आलं कुठून? याचा एक फार सुंदर पुरावा आहे आणि तो बरोबर लुईच्याच दरबारातला आहे.

१४ ऑक्टोबर १६७० रोजी शांबोरच्या किल्ल्यात राजासमोर एक नवी कॉमेडी-बॅले, म्हणजे नाच-गाणी गुंफलेलं विनोदी नाटक, सादर झाली, ‘ल बुर्जुआ जांतीयोम’. लेखन मोलिएरचं, संगीत ल्युलीचं, नृत्यं पिएर बोशांची. बोशां म्हणजे ज्यानं लुईला वीसहून जास्त वर्षं नाच शिकवला तो गुरू. नाटकातला जुर्दां हा व्यापारी घराण्यातला पैसेवाला माणूस. त्याला सरदारांसारखं दिसायचंय, म्हणून त्यानं घरी गाण्याचे, नाचाचे, तलवारीचे मास्तर ठेवलेत. पहिल्या अंकात गाण्याचे मास्तर आणि नाचाचे मास्तर आपापल्या विद्येचा बडेजाव करतात. गाण्याचे मास्तर म्हणतात, जगातली सगळी भांडणं आणि युद्धं होतात ती लोक संगीत शिकत नाहीत म्हणून. नाचाचे मास्तर मागे कसे राहतील? ते म्हणतात, माणसाची सगळी दुर्दैवं, मुत्सद्द्यांच्या घोडचुका, सेनापतींचे पराभव, सगळं नाचता येत नाही म्हणून. जुर्दां विचारतो, ते कसं? मास्तर विचारतात, घरच्या व्यवहारात, राज्यकारभारात किंवा सैन्य चालवताना कुणाची चूक झाली, की आपण नेहमी काय म्हणतो? अमक्यानं अमक्या बाबतीत वाईट पाऊल टाकलं, असंच ना? जुर्दां कबूल करतो, हो, तसं म्हणतात खरं. मग मास्तर डाव टाकतात: आणि वाईट पाऊल पडतं ते नाचता येत नसल्याशिवाय कशानं पडेल?

हा प्रवेश मी विद्यार्थ्यांकडून मोठ्यानं वाचून घेते. इथले शब्द ‘मोव्हे पा’, म्हणजे वाईट पाऊल, असे आहेत, ‘फो पा’ नाहीत. पण उपमा तीच आहे. आणि मास्तर म्हणतात ते ‘आपण नेहमी म्हणतो’. म्हणजे १६७० साली चुकीच्या वागण्याला चुकीचं पाऊल म्हणणं लोकांच्या तोंडी इतकं रुळलेलं होतं, की त्यावर विनोद करता येत होता. विनोद नेमका कशात आहे? सगळ्या श्रोत्यांना ठाऊक आहे की त्या बोलण्यातलं ‘पाऊल’ चालण्याचं आहे, आणि मास्तर त्याला ओढूनताणून नाचाचं करतात. समोर बसलेल्या लोकांना हा वाक्प्रचार खरोखरच बॅलेतून आलाय असं वाटत असतं, तर कुणी हसलंच नसतं. तुम्ही वाचलेली व्युत्पत्ती म्हणजे मोलिएरच्या नाचाच्या मास्तरांचा युक्तिवाद आहे. विनोद गळून पडला आणि तेवढा युक्तिवाद शिल्लक राहिला. त्या मास्तरांची पावलं बसवणारा बोशां स्वतः राजाचा मास्तर होता, हे लक्षात घेतलं की प्रवेश आणखी खुलतो.

आता हकालपट्टीचा भाग. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे: दरबारी बॅले आणि दरबारी बॉल. बॅले म्हणजे सादरीकरण. त्याला संहिता, वेश, यंत्रांनी हलणारे देखावे आणि तालमी होत्या. १५ ऑक्टोबर १५८१ रोजी पॅरिसच्या पती-बूर्बों नावाच्या वाड्यातल्या सभागृहात राणीच्या बहिणीच्या लग्नानिमित्त जो भव्य बॅले झाला, तिथून ही परंपरा ठळकपणे मांडता येते. तो रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत पाच तासांहून जास्त चालला. अशा बॅलेत सरदार, राजपुत्र आणि धंदेवाईक नर्तक एकत्र नाचत, बहुतेक वेळा मुखवटे घालून. लुई स्वतः नाचायचा. २३ फेब्रुवारी १६५३ च्या ‘रात्रीच्या बॅले’त चौदा वर्षांचा हा राजा सोनेरी वेशात उगवता सूर्य होऊन आला, हे चित्र तुम्ही पाहिलंच असेल. त्या बॅलेत सूर्य उगवेपर्यंत रात्रीचे चार प्रहर दाखवले आहेत आणि पहिल्या प्रहराच्या शेवटी पॅरिसमधली भिकाऱ्यांची वस्ती येते. लंगडे, पांगळे, चोर. तिथली पावलं मुद्दाम वेडीवाकडी. म्हणजे दरबारी बॅलेत वाकडं पाऊल हा गुन्हा नव्हता. तो पात्राचा भाग होता आणि त्याला दाद मिळत होती.

शिवाय ज्या वर्षांत हे बॅले जोरात होते, त्या वर्षांत राजा सिंहासनावर बसून चुका टिपत नव्हता. तो स्वतः नाचणाऱ्यांत होता. बॅले नीट होत नव्हते तेव्हा त्यानं काय केलं याची कागदोपत्री नोंद आहे. १६६१ साली त्यानं नृत्याची राजअकादमी स्थापन केली आणि तेरा गुरू नेमले. त्या सनदेत तो म्हणतो की युद्धांच्या धामधुमीत नृत्यकलेत दोष शिरले आहेत आणि आपल्या बॅलेत भाग घेऊ शकतील असे लोक दरबारात थोडेच उरले आहेत. पावलं चुकत होती, राजाला ती खुपत होती, आणि त्यावर त्याचा उपाय होता शिक्षण.

पाऊल चुकण्याची खरी भीती होती ती बॉलमध्ये. बॉल म्हणजे समारंभातलं नाचणं, उघड्या चेहऱ्यानं, स्वतःच्या नावानं. पिएर रामो या नृत्यगुरूनं १७२५ साली छापलेल्या ग्रंथात राजाच्या बॉलचा शिरस्ता दिला आहे. आपण आज बॉल म्हटलं की शंभर जोडपी एकदम गिरक्या घेताना डोळ्यांसमोर आणतो. तसं नव्हतं. सुरुवातीला राजाच्या पुढाकारानं सगळ्यांचा एक रांगेतला नाच व्हायचा आणि मग मिन्युए हा जोडीनं करायचा नाच सुरू व्हायचा. मिन्युएला नाचायच्या जागेत एका वेळी फक्त एक जोडपं. बाकी सगळा दरबार भोवती बसून पाहत असे. आधी राजाला वंदन, मग एकमेकांना वंदन, मग नाच, शेवटी पुन्हा वंदन. नाच संपला की बाई पुढच्या पुरुषाला निवडणार, तो नाचून झाला की पुढच्या बाईला निवडणार, अशी साखळी. आपलं नाव कधी येईल ते सांगता येत नाही आणि आल्यावर नाही म्हणता येत नाही.

अशाच एका बॉलमध्ये इतिहासातलं सर्वांत गाजलेलं चुकीचं पाऊल पडलं. १८ फेब्रुवारी १६९२ रोजी व्हर्सायला राजाचा पुतण्या शार्त्रचा ड्यूक आणि राजाची औरस ठरवलेली मुलगी मादम्वाझेल द ब्लोआ यांचं लग्न झालं. त्या निमित्तानं बॉल झाले. सँ-सिमों हा सतरा वर्षांचा तरुण सरदार तिथे होता आणि पुढे म्हातारपणी त्यानं आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला. मोंब्रों नावाच्या सरदाराच्या मुलाला कुणीतरी विचारलं होतं, नाच चांगला येतो का? त्यानं इतक्या आत्मविश्वासानं हो म्हटलं, की याचा नाच वाईटच निघावा असं लोकांना वाटायला लागलं. तसंच झालं. पहिल्याच वंदनाला तो गडबडला, पहिल्या पावलांतच लय सुटली. ती सावरायला त्यानं मान तिरपी केली, हात उंच नेले, आणि जे काय उरलंसुरलं होतं तेही गेलं. हशा पिकला. राजा समोर असूनही, आणि राजाला स्वतःलाही हसू आवरणं कठीण झालेलं असताना, शेवटी लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गप्प राहायला हवं होतं. तो सांगत सुटला की राजासमोर असल्यामुळे मी बावरलो, पुढच्या बॉलला बघा. नाचता येईना अंगण वाकडे. पुढच्या बॉलला त्याला कुणीतरी निवडलं, तसे जवळचे लोक उठून उभे राहिले, लांबचे आसनांवर चढले, आणि टाळ्यांच्या गजरात त्याची टर उडवली गेली. या वेळी राजाही मनापासून हसला. पोरगा तिथून जो नाहीसा झाला तो बरेच दिवस दिसलाच नाही.

ही गोष्ट वाचताना मला प्रत्येक वेळी त्या मुलाबद्दल वाईट वाटतं. सँ-सिमोंलाही वाटलं होतं. तो त्याचा मित्र होता. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, हा प्रसंग बॅलेतला नाही. तेव्हा राजा ५३ वर्षांचा होता आणि रंगमंचावरून उतरून त्याला वीसहून जास्त वर्षं झाली होती. दोन, हकालपट्टीचा हुकूम कुणीही काढला नाही. मोंब्रोंला पुढे पायदळाच्या एका रेजिमेंटचं नेतृत्व मिळालं आणि तो तरुणपणीच वारला. सँ-सिमों त्याच्या शौर्याचं आणि सचोटीचं कौतुकही करतो. तीन, आणि मला ही सर्वांत बोलकी वाटते: पाऊल चुकण्याच्या या एवढ्या सविस्तर वर्णनात सँ-सिमों ‘फो पा’ हे शब्द वापरत नाही. तो लय गेली असं म्हणतो. नाचणाऱ्यांची भाषा तशीच असते. आपणही ‘बेताल झाली’ किंवा ‘सम चुकली’ म्हणतो, ‘पाऊल वाकडं पडलं’ म्हणत नाही. ते म्हटलं तर ऐकणारा भलतंच समजेल.

मोंब्रोंचं नेमकं काय झालं असेल, हे मिन्युए नाचणाऱ्याला कळतं, म्हणून थोडं तांत्रिक सांगते. मिन्युएचं एक चलन सहा मात्रांचं असतं. संगीत तीन-तीन मात्रांचं, म्हणजे आपल्या दादरा तालासारखी तीन अधिक तीनची वाटणी. त्या सहा मात्रांत पावलं मात्र चार. ती पडतात पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मात्रेला. सहाव्या मात्रेला गुडघा हलका दुमडायचा, पहिलीला उजव्या पायावर उंचावायचं, दुसरीला पुन्हा दुमडून तिसरीला डाव्यावर उंचावायचं, मग दोन साधी पावलं. दुसरी उंची तिसऱ्या मात्रेला येते, संगीताचा ठोका मात्र चौथीला पडतो. पाय आणि वाद्य यांच्यात सतत अशी हलकी ओढाताण चालू असते आणि तीच या नाचाची खुमारी आहे. नवशिक्याची हमखास होणारी चूक अशी, की तो दुसऱ्या तीन मात्रांना पहिल्या तीन समजून सुरुवात करतो. दादऱ्यात समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, जागी खाली, म्हणजे चौथी मात्रा, धरावी तसं. स्वतःला ते लवकर कळत नाही, कारण ठोका तर मिळतोय. पण समोरचा जोडीदार बरोबर चाललेला असतो, आणि दोघांना मोठ्या तिरप्या रेषेवरून येऊन मध्यभागी एकमेकांना ओलांडायचं असतं. तिथे एक जण आधी पोहोचतो, एक उशिरा. सगळ्या सभागृहाला दिसतं.

आणि हात. मिन्युएत हात खाली, शांत, अंगालगत असतात. मोंब्रोंनं ते वर नेले. पाय चुकले की हातांनी झाकायचं, ही खोड कथकच्या वर्गातही दिसते. तत्कार, म्हणजे पायांचं काम, सुटला की हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, मोठे होतात. बघणाऱ्याची नजर त्यामुळे उलट तिथेच खेचली जाते.

नृत्याच्या ग्रंथांत ‘फो’ हा शब्द खरोखर येतो, पण वेगळ्याच अर्थानं, हेही निबंधात घालण्यासारखं आहे. १७०० साली फोये यानं नृत्यलेखनाची पद्धत छापली, पावलं कागदावर खुणांनी मांडायची. त्यात पायांच्या पाच ‘चांगल्या’ स्थिती आहेत. आज बॅलेच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात त्या याच. आणि त्यासोबत पाच ‘फो’, म्हणजे खोट्या स्थिती. त्यांत एका किंवा दोन्ही पायांचे चवडे आत वळलेले असतात. या खोट्या स्थिती म्हणजे चुका नव्हेत. विदूषकी, गावंढळ किंवा विचित्र पात्रांसाठी त्या नियमानं वापरायच्या असतात. पावलांचेही प्रकार त्यानं दिलेत: सरळ, खुलं, गोल, वळवलेलं, आपटलेलं. त्यांत ‘फो पा’ नावाचा प्रकार नाही. वाक्प्रचार नृत्याच्या परिभाषेतून बाहेर पडला असता, तर आधी तो त्या परिभाषेत दिसला असता.

इंग्रजीत तो कसा गेला, हा भाग छोटा पण मराठी वाचकाला जवळचा आहे. १६६० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स परागंदा अवस्थेतून मायदेशी परतला आणि लंडनच्या दरबारात फ्रेंच शब्द मिरवणं ही फॅशन झाली. विल्यम विचर्ली हा नाटककार पोरवयात फ्रान्समध्ये राहिलेला. १६७६ च्या शेवटी त्याचं ‘द प्लेन डीलर’ रंगमंचावर आलं. त्यात एक स्त्री आपल्या ‘फो पा’चा उल्लेख करते आणि लगेच त्याला जोडून साधा इंग्रजी शब्द वापरते, ज्याचा अर्थ ठेचकाळणं. तिचा संबंध नाचाशी नाही आणि जेवणाच्या टेबलावरच्या शिष्टाचाराशीही नाही. ती आपल्या अब्रूबद्दल बोलते आहे. याआधी जगाला माझ्याविषयी बोलायला जागा नव्हती, असं तिचं म्हणणं.

म्हणजे तो अर्थ तंतोतंत आपल्या ‘वाकडं पाऊल पडलं’चा. इंग्रजीत पुढे शब्द सौम्य होत गेला आणि आज यजमानीणबाईंचं नाव चुकलं तरी फो पा होतो. मराठीतला प्रयोग मात्र अजून तेवढाच जड आहे आणि बहुतेक वेळा बाईवरच येऊन पडतो. ज्या समाजात ‘पायांत चाळ बांधले’ हे शब्दच टोमण्यासारखे वापरले गेले, तिथे नाचणाऱ्या बाईच्या बाबतीत ही दोन्ही पावलं लोकांनी एकच धरली. माझ्या पिढीच्या मुलींनी घरी नाच शिकायची परवानगी मागितली तेव्हा आई-आजीच्या तोंडून हे ऐकलेलं आहे. त्यामुळे पायाच्या चुकीचा आणि चारित्र्याचा संबंध किती सहज जोडला जातो, हे समजायला मला व्हर्सायपर्यंत जावं लागलं नाही.

बेताल हा शब्द मात्र उलट दिशेनं गेलेला आहे. तो खरोखर संगीत-नृत्यातून व्यवहारात आला. ‘मंत्र्यांचं बेताल वक्तव्य’ वाचताना आज कुणाला तबला आठवत नाही. कलेतून बोलीत शिरलेल्या शब्दाचं उदाहरण हवंच असेल तर हे घ्या, ते पक्कं आहे.

तर निबंधात असं मांडा. चुकीच्या वागण्याला चुकीचं पाऊल म्हणणं चालण्यातून आलं. लुईच्या दरबारात ते आधीच रुळलेलं होतं, याला मोलिएरचा १६७० चा प्रवेश साक्ष आहे. त्या दरबारानं उपमा जन्माला घातली नाही, पण नाचातलं पाऊल चुकणं आणि चारचौघांत नाचक्की होणं या दोन गोष्टी तिथे एकाच जागी, एकाच क्षणी घडत होत्या, आणि म्हणून ही व्युत्पत्ती लोकांना इतकी पटते. त्यासाठी मोंब्रोंचा प्रसंग द्या, मात्र बॅले न म्हणता बॉल म्हणा. हकालपट्टीचं वाक्य काढून टाका. जागा उरली तर त्या मुलाला पुढे रेजिमेंट मिळाली होती, तेवढं अवश्य लिहा.